मागच्या खोलीचे तुकडे

१

बातमी आली त्या सकाळी मी गवंड्यांसाठी टेम्पे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळत होते. मागच्या खोलीत भराव घालायचं काम चालू होतं. पाक सुकीर आणि त्याचे दोन गडी अंगणातून घमेली भरून आणत होते, दारातून वाकून आत जात होते, आणि मुरूम ओतल्याचा आवाज घरभर येत होता. जावाच्या किनाऱ्यावर, सेमारांगच्या या टोकाला हा आवाज कोणाला नवा नाही. समुद्र आत येतो, जमीन खाली बसते, आणि काही वर्षांनी प्रत्येक घर आपल्या जमिनीवर आणखी एक जमीन घालून घेतं. भिंती तेवढ्याच राहतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मागच्या खोलीची खिडकी माझ्या छातीशी होती. आता तिच्यातून बाहेर बघायचं तर खाली बसावं लागतं.

फोन तेगालहून होता. माझा नवरा प्रसोजो तिथल्या बंदरावर होड्यांचे आवाज टिपायला गेला होता आणि ज्या घरी खोली घेऊन राहिला होता, तिथली मालकीण बोलत होती.

"इबू, तुम्ही आत्ता एकट्या आहात का?" तिने आधी एवढंच विचारलं. आमच्याकडे बाईला आदराने इबू म्हणतात, पुरुषाला पाक.

"नाही, गवंडी आहेत."

"मग त्यांच्यातल्या कोणाला तरी जवळ बोलवा."

मी कोणाला बोलावलं नाही. गॅस बंद केला आणि ऐकून घेतलं. चहा घेऊन वर गेल्यावर तो पलंगावर बसलेलाच सापडला, भिंतीला टेकून, कानाला हेडफोन, असं ती म्हणाली. यंत्र चालू होतं की बंद, हे मी विचारलं नाही.

पाक सुकीर हात धुऊन दारात येऊन उभा राहिला. "थांबवू का काम, इबू?"

मी नको म्हटलं. अर्धवट भरलेली खोली सोडता येत नाही. भरती आली की पाणी खालून चढतं आणि घातलेल्या मातीचा चिखल होतो. प्रसोजोला घरी आणेपर्यंत मागच्या खोलीचा कोबा ओला पण सपाट झाला होता. संध्याकाळी शेजारी प्रार्थनेला आले. त्या खोलीची चौकट इतकी खाली आली होती की प्रत्येक पुरुष आत येताना मान झुकवत होता. ते पाहून प्रसोजो हसला असता.

२

त्याने आयुष्यभर रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रणाचं काम केलं. निवृत्त झाल्यावरही यंत्र खांद्याला लावून फिरायचा. साखर कारखान्याचा भोंगा, मिठागरातले पंप, बाजार उठताना फळकुटं आपटल्याचे आवाज. टिपलेल्यात आपण स्वतः कुठे ऐकू येऊ नये, याबद्दल तो फार काटेकोर होता. खोकला आला तर तेवढा भाग कापून टाकायचा. त्यामुळे त्याच्या ढीगभर मुद्रणांत सगळं जग होतं, तो नव्हता.

अपवाद एकच. निवृत्तीच्या वर्षी त्याने 'घर' नावाचा एक संच केला. प्रत्येक खोलीत यंत्र घेऊन उभं राहायचं, खोलीचं नाव सांगायचं, चौकट डोक्यापासून किती वर आहे ते सांगायचं, आणि मग गप्प राहून खोलीला बोलू द्यायचं. त्याच्यासारख्याच आवाजवेड्यांचं एक मंडळ होतं. त्यांच्यासाठी त्याने तो संच टॉरेंटवर टाकला. घरात मात्र आम्ही तो कधी लावला नाही. ज्या घरात बसलोय त्याचा आवाज वेगळा कशाला ऐकायचा?

त्याच्या सगळ्या डिस्क लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात होत्या. तो गेल्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या भरतीत त्या खाऱ्या पाण्यात गेल्या. फोनवर तो लिहायचा, बोलायचा नाही. 'मासे मिळाले नाहीत.' 'बस चुकली.' असे निरोप आहेत माझ्याकडे. वर्ष व्हायच्या आत माझ्या लक्षात आलं की मला त्याचे शब्द आठवतात, पण ते ऐकू येत नाहीत. एखादं वाक्य आठवावं आणि ते माझ्याच आवाजात यावं, असं होऊ लागलं.

त्या सुमाराला तांते लॅनीचा सोलोहून फोन आला. ती त्याच केंद्रातली जुनी निवेदिका, प्रसोजोपेक्षा मोठी, जिभेला हाड नसलेली, आणि मंडळातली सगळ्यात हुशार. आम्ही सगळे तिला तांते, म्हणजे मावशी म्हणायचो, आणि ती धाकट्या बायकांना लाडाने जेंग म्हणायची.

"जेंग वेनिंग, रडतेयस का?"

"नाही."

"मग कागद घे. तुझ्या नवऱ्याचं 'घर' आहे माझ्याकडे. सगळं नाही. माझी डिस्क मेली, तिच्यातून जेवढं वाचलं तेवढं. पण टॉरेंट अजून जिवंत आहे. मी ते चालू ठेवते, तू तुझ्याकडे उतरवून घे."

"मला ते येत नाही, तांते."

"तुला कथा लिहिता येतात आणि हे येत नाही? ऐक. एक फाइल असते, तिचे बारीक बारीक तुकडे केलेले असतात. माझ्याकडे जे तुकडे आहेत ते तू घ्यायचेस. तुझ्याकडे आले की ते तू आणखी कोणाला द्यायचेस. कोणाकडेच पूर्ण नसलं तरी सगळ्यांचं मिळून पूर्ण होऊ शकतं. एवढंच आहे. बाकी सगळा वेगाचा खेळ."

३

वेग नव्हताच. मी बैठकीच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप मांडून बसे आणि आकडा शून्यावर. मधेच थोडा हले, पुन्हा शून्य. दुपारी जेवण झालं की तांतेचा फोन ठरलेला.

"वायफायवर आहेस?"

"हो."

"गल्लीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ओरडून गोष्ट सांगितल्यासारखं आहे ते. वायर लाव."

मी वायर लावली. राउटर भिंतीवर उंच ठोकलेला आहे, पाणी आलं तरी भिजू नये म्हणून. स्टुलावर चढावं लागलं.

"आता त्या राउटरमध्ये एक दार उघडायचंय. पोर्ट म्हणतात त्याला. तू सध्या दार लावून बसली आहेस. तू हाक मारलीस तर मी येते, पण मला आपणहून येता येत नाही. दार उघडलंस की ज्याच्याकडे तुकडा आहे तो स्वतः येऊन देईल."

तेही केलं. थोडा फरक पडला. मग तिने अपलोडचा आकडा विचारला, म्हणजे मी माझ्याकडून किती देते तो. मी तो शून्य करून ठेवला होता. सगळी लाइन घेण्यासाठीच राहावी, असा माझा हिशेब.

तांते पोट धरून हसली. "फुकटी! अगं, सगळे नवशिके हेच करतात. पंगतीत बसून नुसतं घेतेस, शेजारच्याला मीठसुद्धा देत नाहीस. अशा माणसाला वाढणारा शेवटी वाढतो. जो देतो त्याला आधी मिळतं, यंत्रच तसं बांधलंय."

"मी फुकटी नाहीये, तांते. मला माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं ना? दे थोडं. सगळं पण नको देऊस, नाहीतर घ्यायला लाइन उरणार नाही. पाऊण ठेव."

मी पाऊण ठेवलं आणि आकडा खरोखरच चढला. इतका की मला उगाच लाज वाटली. त्या दोनचार दुपारांत संच भरत गेला. पडद्यावर एक पट्टी दिसते, तिच्यात मिळालेले तुकडे निळे होत जातात. पुढचं दार, बैठक, स्वयंपाकघर, झोपायची खोली, आणि शेवटी मागची खोली, असा तिचा क्रम.

पहिली फाइल पूर्ण झाली तेव्हा मी ती लगेच लावली नाही. भांडी घासली, अंगण झाडलं. मग लावली.

"पुढचं दार," प्रसोजो म्हणाला. "डोक्यावर वीतभर."

पुढे आमचा जुना पंखा, लांबून मोपेड, कोणाच्या तरी कोंबड्या. मी ते पुन्हा लावलं. पुन्हा. तोच आवाज, थोडा नाकातला, 'वीतभर'वर किंचित खाली येणारा. बैठक, दोन बोटं कमी. स्वयंपाकघर, वीतभर. झोपायची खोली, वीतभर.

मागच्या खोलीची पट्टी मात्र कोरीच राहिली.

"ती माझ्याकडे नाही," तांते म्हणाली. "माझ्या डिस्कचा तेवढाच भाग गेला. आणि जेंग, सगळ्यात मोठी तीच आहे. बाकी खोल्यांत तो एकेक वाक्य बोललाय. त्या खोलीत तो तुझ्याशी बोलतो."

"माझ्याशी?"

"तुझं नाव घेऊन. मी पूर्वी लावली होती, आणि नाव ऐकताच बंद केली. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं. काय बोलला विचारू नकोस, मला माहीत नाही."

प्रसोजो मला काही सांगायचं राहिलं असं म्हणणारा माणूस नव्हता. आम्ही कमी बोलायचो आणि आमचं त्यात बरं चाललं होतं. त्यामुळे ते ऐकायची मला किती निकड लागली, याचं माझं मलाच नवल वाटलं.

४

दुसऱ्या दिवशी तांतेने आणखी एक खूण लावायला सांगितली. 'घरातल्या जाळ्यातही शोध' अशा अर्थाची.

"कशाला? घरात मी एकटी आहे."

"वेगासाठी सगळे लावतात. घरात दुसरं यंत्र असेल तर ते सगळ्यात जवळचं. कधी कधी माणसं विसरतात, जुना फोन असतो, टीव्ही असतो. लावून तर बघ."

मी लावली. तुकडे देणाऱ्यांच्या यादीत तांतेच्या ओळीखाली दुसरी ओळ आली.

त्या नव्या ओळीकडे जे होतं ते तिच्या पट्टीवर दिसत होतं. सगळं कोरं आणि फक्त शेवटचा भाग निळा, मागच्या खोलीचा. माझ्या पट्टीच्या नेमकं उलट.

"तांते, कोणीतरी आलंय."

"मला दिसत नाही. मला फक्त तू दिसतेस. पत्ता वाच."

मी वाचला.

"हा तर तुझ्या घरातलाच आहे गं. कुठला प्रोग्रॅम वापरतोय, ते पुढे लिहिलेलं असेल."

लिहिलेलं होतं. फार जुना होता, तिने तो कधीच टाकून दिला होता. "अजून हा वापरणारा मला एकच माहीत होता," ती म्हणाली, आणि मग रेडिओवर चुकीची तबकडी लागल्यावर जसा आवाज सावरतात तसा आवाज सावरून म्हणाली, "शेजारी असेल कोणी. तुझं वायफाय चोरतोय. परवलीचा शब्द बदल."

मी बदलला. ओळ तशीच. मग वायफायच बंद केलं. आता राउटरला फक्त माझ्या लॅपटॉपची वायर असायला हवी होती. ओळ तशीच.

मी स्टुलावर चढले. राउटरच्या मागे दोन दिवे लुकलुकत होते. एक माझ्या वायरीचा. दुसरी वायर बारीक, निळी, धूळ बसलेली. ती प्रसोजोने फार पूर्वी भिंतीच्या कडेने खिळे मारत नेली होती, त्याच्या टेबलापर्यंत. मी तिच्या मागोमाग गेले. बैठकीतून, स्वयंपाकघराच्या दारावरून, वाकून मागच्या खोलीत. कोपऱ्यात तिचा सैल वेटोळा लोंबत होता, आणि तिथून ती सरळ खाली जाऊन कोब्यात शिरत होती. तिच्याभोवती सिमेंट नीट लिंपलेलं होतं.

खोलीत काही नाही. रिकामी असते ती. दुपारचं ऊन जमिनीलगतच्या खिडकीतून येऊन कोब्यावर पडलं होतं.

मी परत जाऊन ती वायर राउटरमधून काढली. ओळ गेली. लावली. ओळ आली. खारं पाणी वायरीत शिरलं की दिवे वेडेवाकडे लागतात, हे मला माहीत आहे. आमच्याकडे दारावरची घंटासुद्धा भरतीला आपोआप वाजते. पण खारं पाणी जुना प्रोग्रॅम चालवत नाही, आणि मागच्या खोलीचे तुकडे राखून ठेवत नाही.

खरं सांगायचं तर भीती तेव्हा वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की आहेत. ते तुकडे कुठेतरी आहेत.

५

पाक सुकीर पलीकडच्या गल्लीत एका घराची जमीन उचलत होता. मला पाहून घमेल्यावरून उठला.

"काय इबू, तडा गेला का? माझ्या कोब्याला तडा जात नाही. जमीनच खाली जाते, त्याला मी काय करू?"

"तडा नाही. आमच्या मागच्या खोलीत भरावात काय काय टाकलं होतं?"

"मुरूम, विटांचा चुरा. आणि आपल्या पाकनी तेगालला जाण्याआधी स्वतः ढीग लावून ठेवला होता तो. मोडक्या खुर्च्या, जुना टीव्ही, पाणी प्यायलेला तो संगणकाचा डबा. 'हे आत घाला, तेवढीच माती वाचेल,' म्हणाले. सगळेच घालतात, इबू. या घराखाली तीन फ्रिज आहेत."

"चार," त्याचा गडी आतून ओरडला. "चौथ्यात मालकाची सासू आहे."

"गप रे. माणसं कोणाशी बोलतायत बघत जा." पाक सुकीरने माझ्याकडे ओशाळून पाहिलं. "काही हवं होतं का त्यातलं?"

"ती निळी वायर का नाही कापली?"

"पाक म्हणाले होते हात लावू नका म्हणून."

"का?"

"ते मी कसं विचारू? घर त्यांचं, वायर त्यांची."

"आणि वीज? खाली काही वीज राहिली असेल?"

तो दुखावला. "विजेचं सगळं आधीच वर घेतलं. खाली वीज ठेवून वर माती ओतायला मी काय काल कामाला लागलो?" मग हळू आवाजात म्हणाला, "उकरायचं मनात असेल तर आत्ताच नाही म्हणतो. एकदा घातलेली जमीन आम्ही उघडत नाही. भोक पडलं की पाणी त्याच वाटेने वर येतं, आणि मग ते बुजत नाही."

उकरायचं माझ्या मनात नव्हतं. उकरायची गरजच नव्हती. वायर होती.

६

घेणं सुरू झालं. इतक्या जवळून आल्यावर वेग काय असतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. पण कोब्याखालचा तो जेवढं मी देई तेवढंच देत होता. माझ्या पट्टीत मागच्या खोलीचा एक निळा दोरा वाढला की त्याच्या पट्टीत पुढच्या दाराचा एक वाढे.

"असंच असतं," तांते म्हणाली. "देवाणघेवाण. कोण आहे, कळलं का?"

"जुना संगणक आहे. चालू राहिला होता."

"बरं झालं," ती म्हणाली. पुढे काही विचारलं नाही. बायकांना कधी कधी कळतं कुठे थांबायचं ते.

"तांते, पण खात्री काय, की हे प्रसोजोचंच मूळ आहे? कोणी मधे काही बदललं असेल तर?"

"नाही बदलता येत. प्रत्येक तुकड्याचा ठसा संच बनवला त्याच दिवशी पक्का होतो. ठसा जुळला नाही तर यंत्र तुकडा घेतच नाही, फेकून देतं. तुझ्याकडे जे येतंय ते त्याने त्या दिवशी ठेवलं होतं तेच."

त्याच दुपारी पुढच्या दारापाशी पहिला आवाज आला. मी दारात चपला काढत होते. उंबऱ्याखाली कोणी बोटाच्या पेराने वाजवावं तसं, दोनदा, मग थोडं थांबून पुन्हा. भरतीला जमिनीखालची माती पाणी पिते तेव्हा कोबा असा बोलतो. मी बाहेर जाऊन नाला पाहिला. ओहोटी होती, नाल्यात चिखल उघडा पडला होता. मग उंदीर, असं मी ठरवलं. पडद्याकडे पाहिलं. त्याच्या पट्टीत पुढचं दार पूर्ण निळं झालं होतं.

तुकडे कसेही, कुठूनही भरतात, असं तांतेने सांगितलं होतं, आणि माझी पट्टी तशीच भरली होती, ठिपक्याठिपक्यांनी. त्याची मात्र ओळीने भरत होती. दारापासून आत.

बैठक भरली तेव्हा आवाज माझ्या टेबलाखाली आला. आता तो वाजवण्याचा नव्हता. पाय उचलायला जागा नसेल तर माणूस जसा पाय घासत चालेल, तसा होता. टेबलाच्या एका बाजूने सुरू झाला, भिंतीशी जाऊन थांबला आणि वळला.

मी अपलोडचा आकडा शून्य केला. त्याचं देणं थांबलं, आणि खालचं चालणंही थांबलं. आकडा पुन्हा वर नेला. थोड्या वेळाने दोन्ही सुरू झालं. मी हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं, लहान मूल दिव्याचं बटण दाबून बघतं तसं. योगायोग इतक्यांदा होत नाही.

शेवटी आकडा वरच ठेवला. मला ती फाइल हवी होती.

स्वयंपाकघर भरायला जास्त वेळ लागला. मी तिथे भात टाकला होता. वाफेचा आवाज होता, त्यामुळे आधी कळलं नाही. मग चुलीपासून मांडणीपर्यंत आणि मांडणीपासून मोरीपर्यंत कोणीतरी माझ्या बरोबरीने फिरतंय, हे पायांना जाणवलं. मी थांबले की ते थांबे. मी बाजूला सरले. तेही सरलं. वाटेत यायचं नाही, अशी प्रसोजोची पद्धत होती स्वयंपाकघरात. तिथे आम्ही दोघं एका वेळी कधी धडकलो नाही.

मी भात उतरवला आणि मागच्या खोलीत गेले. कोपऱ्यातला निळ्या वायरीचा वेटोळा लहान झाला होता. चांगला लहान. आदल्या आठवड्यात तो माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबत होता. आता वायर भिंतीलगत जवळपास ताठ होती. मी ती दोन बोटांत धरली. ती हातात थरथरत होती, आणि मग, अगदी थोडी, खाली गेली.

मी सोडली.

७

आता त्याच्या पट्टीत फक्त झोपायची खोली उरली होती. माझ्या पट्टीत मागच्या खोलीच्या मधोमध एक कोरी रेघ होती, केसाएवढी. एक तुकडा.

मी आकडा शून्यावर आणला. घर शांत झालं.

फाइल अपुरी असली तरी लावता येते. जिथे तुकडा नाही तिथे आवाज जातो, एवढंच. मी हेडफोन घातले. मग काढले आणि लॅपटॉपच्याच आवाजावर लावली. घर ऐकू येत राहायला हवं होतं.

"मागची खोली," प्रसोजो म्हणाला. "डोकं टेकतंय."

आवाज तसाच, नाकातला. फक्त अगदी जवळ, आणि मोकळ्या खोलीतला नाही. गादीत तोंड खुपसून बोलावं तसा. मग तो गप्प झाला, त्याच्या पद्धतीप्रमाणे, खोलीला बोलू द्यायला.

खोली बोलू लागली. वरून. खुर्ची सरकली. वेताची, एक पाय आखूड असलेली, दोनदा आपटून स्थिर होणारी. अशी खुर्ची माझ्याकडे आहे, ती मी त्याच्यानंतर घेतली. वेताच्या खुर्च्या सगळ्या सारख्याच आपटतात, हे मी स्वतःला सांगितलं. मग बाईचं खोकणं. मग त्याच बाईचा आवाज, जाड जमिनीतून आल्यासारखा, शब्द पुसट, पण सूर कळत होता. कोणाशी तरी फोनवर बोलत होती. थोडी रागावून, थोडी हसून. 'मी फुकटी नाहीये, तांते.'

संच त्याने निवृत्तीच्या वर्षी केला होता. ठसे त्या दिवशीचे होते.

मी थांबवलं नाही. एवढं ऐकून थांबवता येत नाही.

बराच वेळ त्याचा श्वास होता. ऐकणाऱ्या माणसाचा श्वास. तो कानाने काम करायचा, मला ठाऊक आहे तो. मग यंत्र तोंडाजवळ घेतल्याचा खरखराट, आणि तो म्हणाला, "निंग."

मला निंग फक्त तोच म्हणायचा.

"निंग, खाली सगळं ठीक आहे. एक विचारायचं होतं. तू..."

आणि आवाज गेला. कोरी रेघ आली होती. मी पडद्याकडे बघत बसले. रेघ पार करून काटा पुढे सरकला आणि आवाज पुन्हा आला. पण तो बोलत नव्हता. बोलून झालं होतं त्याचं. खोलीची शांतता होती, आधीसारखीच. फक्त आता ती मोकळी होती, उंच छताची, हवा खेळणारी.

त्या शांततेत एक बाई, अगदी यंत्राजवळ, त्याच्या शेजारी उभी असावी इतक्या जवळून, स्पष्ट आवाजात म्हणाली, "हो."

तो आवाज माझा होता. मी तो ओळखते. वर्षभर त्याची सगळी वाक्यं मी त्याच आवाजात ऐकली होती.

फाइल संपली.

मी ती पुन्हा लावली आहे, अनेकदा. 'हो' नाइलाजाने म्हटलेलं नाही. त्यात भीती नाही, रडू नाही. चहा घेणार का विचारल्यावर म्हणावं तसं आहे. त्यामुळेच मला उमगत नाही. 'तू' आणि 'हो' यांच्यामध्ये जे आहे ते ऐकल्यावर मी हो म्हणेन का, की ते ऐकायला निघाले हेच माझं हो आहे?

तांतेचा फोन येतो. "झालं का पूर्ण?"

"एक तुकडा राहिलाय."

"एकच? मग अडून काय बसलीस? त्याला काय हवंय ते देऊन टाक, मिनिटात येईल. जेंग, ऐकतेयस ना? कंजूषपणा करू नकोस."

"देते," मी म्हणते.

त्याला फक्त झोपायची खोली हवी आहे. मी तिथेच झोपते अजून. लॅपटॉप टेबलावर चालू असतो, यादीत त्याची ओळ असते, वाट पाहणारी, आणि राउटरमागचा दुसरा दिवा लुकलुकत असतो.

अपलोडचा आकडा मी अजून शून्यावरून हलवलेला नाही.